आडनावाचा रकाना आणि वाल्देमोसाच्या तीन रात्री

माझ्या आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे. तिचे नाव, माझ्या वडिलांचे नाव आणि आमचे आडनाव असे तिन्ही शब्द नावाच्याच रकान्यात एकामागोमाग छापलेले आहेत. त्यावरून आजवर कोठेही अडले नव्हते. मुंबईत शेंगेन व्हिसाचा अर्ज करतानाही नाही. आई, पत्नी आणि मी अशा तिघांचेही व्हिसे मुदतीत हाती आले आणि विमानप्रवासही निर्विघ्न पार पडला. घोडे अडले ते स्पेनच्या मायोर्का बेटावरील त्रामुंताना डोंगररांगेत वसलेल्या वाल्देमोसा या गावी, एका जुन्या दगडी घराचे रूपांतर करून थाटलेल्या छोट्या बुटीक हॉटेलच्या बंद दारापुढे.

या हॉटेलचे स्वागतकक्ष संध्याकाळी पाचला बंद होते. त्यानंतर येणाऱ्यांनी दाराच्या कळफलकावर सांकेतिक अंक दाबून आत जायचे आणि ते अंक ऑनलाइन नोंदणी पूर्ण झाल्यावरच फोनवर येतात, अशी व्यवस्था होती. नोंदणीचा दुवा तीन दिवस आधी आला होता. माझी आणि पत्नीची माहिती पाच मिनिटांत भरून झाली. आईच्या अर्जात मात्र 'पहिले आडनाव' हा रकाना सक्तीचा होता. तो कोरा सोडला की लाल अक्षरे उमटत. आडवी रेघ दिली तर चिन्हे चालत नाहीत असे सांगितले जाई. आणि अखेर आमचे आडनाव लिहिले, तर अर्जासोबत जोडलेल्या पासपोर्टच्या पानाच्या छायाचित्राशी ते जुळत नसल्याचे सांगून अर्ज पुन्हा पहिल्या पानावर जाई. मी दोन ईमेल पाठवले. दोन्हींना एकच यांत्रिक उत्तर आले, 'कृपया ऑनलाइन नोंदणी पूर्ण करावी.' पोहोचल्यावर पाहू, असे मी ठरवले, आणि हीच माझी चूक झाली.

माहिती घेणे हा हॉटेलचा आगाऊपणा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पाहुण्यांची नोंद ठेवण्याविषयीचा स्पेनचा २०२१ सालचा शाही हुकूम २ डिसेंबर २०२४ पासून हॉटेलांना बंधनकारक झाला असून, त्यानुसार पत्ता, फोन, ईमेल, पैसे कसे भरले, असे बरेच काही कळवावे लागते. पासपोर्टच्या पानाचे छायाचित्र मागणे मात्र त्या हुकुमात बसत नाही. तेथील माहिती संरक्षण संस्थेने २०२५ मध्ये हॉटेलांना तसे स्पष्ट बजावले आहे. हे मला परतल्यावर कळले. आधी ठाऊक असते, तर त्या अर्जाशी इतका वेळ झुंजलोच नसतो.

पाल्मा शहरातून २०३ क्रमांकाच्या बसने आम्ही संध्याकाळी सातला गावात उतरलो. मे महिना असल्याने सूर्यास्ताला अजून जवळजवळ दोन तास होते. जुन्या वस्तीतील गल्ल्या दगडगोट्यांच्या आणि चढाच्या आहेत, त्यामुळे चाकांच्या बॅगा ओढत नेण्याऐवजी उचलूनच न्याव्या लागल्या. (पाठीवरच्या पिशव्याच न्याव्यात, हे येथेच सांगून टाकतो.) हॉटेलच्या फोनवर ध्वनिमुद्रित निवेदन वाजत होते. मी पायरीवर बसून तोच अर्ज चौथ्यांदा भरत होतो आणि माझा आवाज चढू लागला होता. आई मात्र समोरच्या भिंतीवरील रंगीत फरशी निरखत होती. गावात जन्मलेल्या संत कातालिना तोमास यांचे चित्र असलेली अशी फरशी तेथे बहुतेक दारांशेजारी बसवलेली असते आणि 'आमच्यासाठी प्रार्थना कर' अशी विनवणी तिच्यावर लिहिलेली असते. "आपल्यासाठीही करायला सांग तिला," आई म्हणाली. मला हसू आले नाही.

अखेर शेजारच्या दुकानातील बाईंनी कोणाला तरी फोन केला आणि चाळीस मिनिटांनी हॉटेलची एक कर्मचारी मुलगी आली. तिने खणातून कागदी नोंदपत्र काढले, पासपोर्ट पाहिला आणि नावातील शेवटचा शब्द आडनावाच्या जागी लिहून टाकला. स्पॅनिश लोकांचे नावही तीन भागांचेच असते, पण त्यात स्वतःच्या नावानंतर वडिलांचे आणि आईचे आडनाव येते व लग्नानंतर बाईचे नाव बदलत नाही, हे तिने समजावले. चौदा वर्षांवरील प्रत्येकाची सही लागते, म्हणून तिने कागद आईपुढे सरकवला. आईने नेहमीप्रमाणे मराठीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट देऊन सही केली. मुलीने ती पासपोर्टवरील सहीशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. तीन दिवस अडलेले काम दोन मिनिटांत झाले, याचा आनंद व्हायला हवा होता. मला रागच अधिक आला.

खोली सुंदर होती, एवढेच सांगतो. जाड भिंतींमुळे दुपारीही गारवा असे आणि सकाळी बटाटा घालून केलेले मऊ, गोडसर पाव मिळत. कोणाच्या पासपोर्टवर आडनाव कोरे असेल, तर त्यांनी खोली आरक्षित करतानाच हॉटेलला तसे कळवून कागदी नोंदपत्राची लेखी कबुली घ्यावी आणि स्वागतकक्ष उघडे असतानाच पोहोचावे. वेळ हाताशी असेल, तर पासपोर्ट नव्याने काढून नाव व आडनाव वेगळे करून घेणे उत्तम. आम्ही आता तेच करीत आहोत.

दुसऱ्या दिवशी तेथील जुना मठ पाहिला. संगीतकार शोपाँ आणि लेखिका जॉर्ज सँड यांनी १८३८-३९ चा हिवाळा तेथे काढला होता. शोपाँने पॅरिसहून मागवलेला पियानो पाल्माच्या जकातीत अडकून पडला आणि तो हाती आल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी बेट सोडले. इतरांना त्या मठाचे काय वाटते कोणास ठाऊक. मला त्या पियानोविषयी फार आपुलकी वाटली.

निघताना पर्यटनकराची पावती मिळाली. तीन माणसे, तीन रात्री, मूल्यवर्धित करासह १९ युरो ८० सेंट. ज्या यंत्रणेला आई शेवटपर्यंत मान्य झाली नव्हती, तिनेच तिचा कर बिनचूक मोजला होता.