तुम्ही विचारलंत म्हणून: माझा 'क' असा घशातून का येतो

गेल्या आठवड्यात पत्रिकेचं प्रूफ न्यायला आलेल्या एका भाऊंनी परत विचारलं. अगदी चांगल्या मनानं. "नाव तर मराठी दिसते तुमचं, मग क असा घशातून काहून येते? उर्दू शिकले का?" फोनवरचे लोक विचारतात मूळचे कुठले, हैदराबादचे का, काश्मीरचे का. लहान पोरं सरळ विचारतात, काका घसा दुखून राहिला का. पंचवीस वर्षं झाली नागपूरच्या गांधीबागेत डीटीपीचं दुकान चालवून राहिलोय, दिवसातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, आणि दर वेळी मी काहीतरी वेगळं सांगतो. आता एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच व्हॉट्सअॅपवर पाठवून देईन.

जन्मतःच माझी टाळू फाटलेली होती. ओठ धड होता म्हणून बाहेरून काही दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच प्रश्न येतात. ओठाला टाके दिसले असते तर तुम्ही विचारलं नसतं, नुसती मान वळवली असती. यातलं कोणतं बरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता टाळूचा आणि 'क'चा काय संबंध, तर ऐका. तुम्हाला वाटतं 'प' म्हणताना फक्त ओठ मिटतात. नाही हो. दोन दारं लागतात. पुढचं ओठांचं, आणि मागचं नाकाचं. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो वर उचलून नाकाची वाट बंद करतो, तेव्हा कुठं तोंडात हवा तुंबते आणि ओठ उघडले की फुटते. पटत नसेल तर नाक चिमटीत धरा आणि 'पापा' म्हणा, काही फरक पडणार नाही. आता 'मामा' म्हणून बघा. जुन्या व्याकरणवाल्यांनी क पासून म पर्यंतच्या पंचवीस वर्णांना स्पर्श म्हटलंय, पण नुसत्या स्पर्शानं भागत नाही, मागे दाब लागतो. माझे ओठ मिटायचे, जीभ टेकायची, स्पर्श सगळे बरोबर व्हायचे आणि हवा मात्र नाकातून निघून जायची. त्यामुळे 'ब'चा व्हायचा 'म', 'द'चा 'न', 'ग'चा 'ङ'. आणि 'भ'चा 'म्ह', कारण 'भ'मधला श्वास राहायचा, फुटणं तेवढं जायचं.

प, त, क यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात आवाजाचा आधार नाही, फुटणं गेलं की काही उरतच नाही. मग मूल काय करतं? पाइप जिथं फुटलाय त्याच्या अलीकडेच अंगठा दाबतं. दाब तिथं धरता येतो न! म्हणून माझे 'प' आणि 'त' थेट गळ्यात, स्वरयंत्रापाशी अडून सुटायचे, आणि 'क' जिभेचं मूळ पार मागे पडजिभेशी नेऊन. हे मला कोणी शिकवलं नाही, जगभरातली टाळू फाटलेली पोरं आपापलं असंच काहीतरी शोधून काढतात. तुमचा 'क' मऊ टाळूच्या पुढच्या भागाशी होतो, शाळेत कंठ्य म्हणून शिकवतात पण कंठात तिथं काहीच होत नसतं. माझा त्याच्या मागच्या खोलीत होतो. उर्दूत त्याखाली टिंब देऊन क़ लिहितात, तो हाच, किंवा जवळजवळ हाच.

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगू शकतो. पुढचं सांगत नाही.

ऑपरेशन झालं १९८९च्या उन्हाळ्यात, मी आठ वर्षांचा होतो. आजकाल बाळ वर्षाच्या आसपासचं असतानाच करतात, कारण बोलायच्या सवयी लागायच्या आत दार बसवलेलं बरं. आमच्या घरी तोवर कोणी सांगितलंच नाही म्हणा, किंवा सांगितलेलं ऐकलं नाही म्हणा. टाळू शिवली, भोक बुजलं, दूध नाकातून यायचं थांबलं. बाबांना वाटलं झालं, पोरगा आता बोलणार. जूनच्या शेवटी शाळा उघडली तेव्हा ते स्वतः बाईंना जाऊन सांगून आले की आता ऑपरेशन झालंय, त्याला संधी द्या. बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी मला प्रार्थनेच्या वेळी प्रतिज्ञा सांगायला उभं केलं.

ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, प्रतिज्ञा एक जण तुकड्यातुकड्यानं सांगतो आणि बाकीची शाळा मागून म्हणते. मी पायऱ्यांवर उभा, हात पुढे केलेला, नवीन चपला, बाबा फाटकापाशी सायकल धरून थांबलेले. पावसाची भुरभुर होती. मी घरी वीस वेळा म्हणून पाहिलं होतं, आणि घरी कोणी काही म्हणालं नव्हतं, कारण घरच्यांना माझं बोलणं समजायचंच, त्यांना ते बोलणंच वाटायचं. मलाही. हे कोणाला खरं वाटत नाही, पण मला आतून 'भ' ऐकू यायचा. मी म्हणालो, म्हारत माझा नेश आहे.

आणि शाळा म्हणाली, म्हारत माझा नेश आहे.

सगळी शाळा. मोठ्या वर्गातल्यांनी मुद्दाम केलं असेल. पण समोरच्या रांगेत पहिलीतली पोरं होती, त्यांनी काही मुद्दाम केलं नव्हतं, त्यांना तेवढंच माहीत होतं की पुढचा म्हणेल तसं म्हणायचं. त्यांनी मन लावून म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझं बोलणं बाहेरून ऐकलं, तेही शेकडो तोंडांतून एकदम. मला कळलंच नाही की हे माझं आहे. मला वाटलं हे चुकून राहिले. म्हणून मी तेच वाक्य परत, जोरात म्हटलं, त्यांना बरोबर करायला. शाळेनं परत म्हटलं. मग मागून हसू आलं, आणि तेव्हा लक्षात आलं. तरी मी थांबलो नाही, का ते माहीत नाही, 'सारे म्हारतीय माझे मांन्हव आहेत' इथपर्यंत गेलो आणि मग बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढची प्रतिज्ञा स्वतः पूर्ण केली. मी फाटकाकडे बघितलं तर बाबा सायकलची चेन बघत होते. चेन पडलेली नव्हती.

बाबांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. मी पुढची काही वर्षं शक्य तिथं बोललो नाही. लोक म्हणायचे पोरगा शांत आहे, संस्कारी आहे.

दहावीनंतर एका वाचा उपचारवाल्या मॅडमकडे गेलो, त्यांनी नाकाखाली छोटा आरसा धरला आणि 'पापा' म्हणायला सांगितलं. आरशावर वाफ धरली, त्या म्हणाल्या बघ, तुझा 'प' इथं चाललाय. पुढे दोन वर्षं तेच. 'प' आला, 'त' आला, 'भारत' आला. 'क'साठी त्यांची युक्ती अशी होती की 'अंग'मधला ङ धरून ठेवायचा, कारण जीभ तिथं बरोबर जागेवर असते, मग नाक दाबायचं आणि सोडायचं. आजही सावकाश बोललो तर माझा 'क' तुमच्यासारखाच येतो. गिऱ्हाइकांची गर्दी झाली, दोन फोन एकदम वाजले, की तो आपल्या जुन्या घरी परत जातो.

आणि मग मी खोटं बोलायला लागलो. बाबांनी माझ्या लग्नाच्या बोलणीत सांगितलं की लहानपणी टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं. मी त्यावर वरताण. दुकान टाकल्यावर कोणी विचारलं की सांगायचो, उर्दू शिकलो हो, ग़ज़लचा शौक आहे. लोक एकदम आदरानं बघायचे. जो 'क' दोष होता तो तहज़ीब झाला, नुसतं वाक्य बदलून! दहा वर्षं तरी हे चाललं असेल. मला माझ्यातल्या त्या माणसाचा राग येतो आणि समजतोही तो मला.

ही थाप एकदा अंगाशी आली. मोमिनपुऱ्यातले एक रिटायर्ड उर्दू मास्तर नातीच्या लग्नाची देवनागरी पत्रिका करायला आले होते. मी हुशारी दाखवायला 'निकाह'च्या क खाली टिंब दिलं होतं. त्यांनी ते पेननं खोडलं, म्हणाले इसमें छोटा काफ़ है बेटा, नुक़्ता नहीं. आणि मग माझं बोलणं थोडा वेळ कान देऊन ऐकून म्हणाले, तुम्हारा क़ाफ़ तो बिल्कुल मख़रज से निकलता है, किससे सीखा? मख़रज म्हणजे अक्षर जिथून निघतं ती जागा, कुराण पढताना ती जागा बिनचूक लागते म्हणून ते लोक शतकानुशतकं त्याचा अभ्यास करत आलेत. शब्दाच्या शेवटी क़ आला की तो नुसता अडवून चालत नाही, त्याला उसळी देऊन सोडावा लागतो, अशी पाच अक्षरं आहेत, ती 'क़ुत्ब जद' अशी लक्षात ठेवतात. मी फुगलो. माझ्या 'क'ला कोणी पहिल्यांदाच चांगलं म्हणत होतं.

मग त्यांनी मला म्हणायला लावलं, क़ल्ब. म्हणजे हृदय. मी म्हटलं. वाह, म्हणाले. आता म्हण कल्ब. अरबीत कल्ब म्हणजे कुत्रा. मी परत क़ल्ब म्हणालो. त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं, त्या गडबडीत तिन्ही वेळा तेच, आणि ते हसून म्हणाले, बेटा तुम तो कुत्ते को भी दिल कहते हो. त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं होतं, पण मी त्या रात्री पहिल्यांदा ह्या विषयात नीट घुसलो. क़ माझा नव्हताच. मला दोन जागा नव्हत्या, एकच होती.

तेव्हापासून वाचत आलोय. कैरोचे लोक बोलताना क़ म्हणतच नाहीत, गळ्यात अडवतात, क़ल्बचं 'अल्ब' करतात, म्हणजे माझा लहानपणचा 'प' तिकडे 'क़' म्हणून खपला असता. आखातात त्याचा 'ग' होतो, कतारचे लोक स्वतःच्या देशाला 'गितर'सारखं काहीतरी म्हणतात. हैदराबादेत क़लमचं ख़लम होतं. जॉर्जियन भाषेत क़ घसा बंद करून फटकन सोडतात, बेडूक पाण्यात ओरडतो असं एक वाक्य त्यांची पोरं जिभेच्या व्यायामाला म्हणतात, 'बक़क़ी त्स्क़ल्शी क़िक़िनेब्स', आणि खरंच बेडूक ऐकू येतो. पेरू देशातल्या कुस्को शहराकडच्या केचुआ भाषेत साधा, श्वासाचा आणि फटक्याचा असे तीन क़ आहेत, शिवाय शेजारच्या इ-उ ला तो ए-ओ कडे ओढतो. हे ओढणं मला माझ्या बोलण्यात ऐकू येतं, माझी 'किल्ली' घाईत 'केल्ली' होते. आणि 'ग'ची पडजिभेपाशी केलेली बहीण जगात फारच थोड्या भाषांत आहे, कारण आवाज चालू ठेवायला हवा सारखी वर यावी लागते आणि इतक्या मागे अडवल्यावर ती साठायला जागाच नसते, लगेच भरून आवाज बंद पडतो. माझा 'ग' मागे न जाता नाकात का गेला, ह्याचा थोडा तरी उलगडा मला तिथं झाला.

हे सगळं वाचून बरं वाटलं असं मी सांगत फिरायचो. म्हणायचो, बघा, चुकीचा आवाज असा नसतोच, माझी प्रत्येक चूक कुठल्यातरी देशात शुद्ध आहे. आता तसं वाटत नाही. कुस्कोतल्या पोराला क आणि क़ दोन्ही येतात, तो निवडतो. पण मग हेही खरं की मराठीत क़ नाहीच, माझ्या क़मुळे मराठीतला एकही शब्द दुसऱ्या शब्दावर जाऊन आदळत नाही, तुम्हाला माझं सगळं कळतं, तरीही तुम्ही विचारता. मग चूक नक्की कुठं आहे? मी ह्या दोन टोकांमध्ये फिरत असतो, आठवड्याला मत बदलतं.

आमच्याकडे मात्र कारण पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. १६ फेब्रुवारी १९८०ला सूर्यग्रहण होतं आणि आईनं त्या दुपारी वांगी चिरली. मी सप्टेंबरमधला. टाळूच्या दोन्ही बाजू गर्भात साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात जुळतात, तेव्हा हिशेब केला तर तारीख बसते, आणि हीच तर पंचाईत आहे. त्या दिवशी विदर्भात किती गरोदर बायकांनी भाजी चिरली असेल हे कोणी मोजलं नाही. आईला मात्र आजीनं जन्मभर ऐकवलं. मला दूध ओढता यायचं नाही, चोखायलाही तोंडात बंद पोकळी लागते, म्हणून आईनं आठ महिने बोंडल्यानं पाजलं, आणि प्रत्येक वेळी वांगी ऐकून घेतली.

२२ जुलै २००९ला परत ग्रहण होतं. बायकोला तिसरा महिना. मी तिला सगळं शास्त्र समजावून सांगितलं होतं. फेब्रुवारीत मुलगी झाली, नर्सनं हातात दिली, तिचे डोळे, बोटं कोणाची ते मी बघितलं नाही, हात धुवून आलो आणि करंगळी तिच्या तोंडात घालून टाळू चाचपली. पुढून मागेपर्यंत. अखंड होती. तिनं लगेच बोट ओढायला सुरुवात केली, इतक्या जोरात की मी दचकलो.

त्या ग्रहणाच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी सगळे उठायच्या आत मी घरातली विळी आणि दोन्ही चाकू माळ्यावर नेऊन ठेवले होते. संध्याकाळी बायकोला भाजी करायला विळी सापडेना, शेवटी तिला ती माळ्यावर दिसली. "ही वर कुणी ठेवली?"

"आईनं," मी म्हणालो.