पाठ जमिनीला लागल्यावर

मंगळवार, रात्री उशिरा

हरण्याचा त्रास आता फारसा होत नाही. जिउ-जित्सूत, म्हणजे जमिनीवर पकडी लावून खेळायच्या या कुस्तीसारख्या खेळात, टॅप करणं (हार मानणं) रोजचंच आहे. हात आपटायचा, समोरचा सोडतो, पुन्हा हात मिळवून सुरू करायचं. त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. साइड कंट्रोलखालून, म्हणजे समोरचा बाजूने छातीवर आडवा पडून दाबत असताना, कसं सुटायचं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एक हात आडवा धरून समोरच्याच्या मानेला टेकवायचा, दुसरा त्याच्या कमरेशी, पाय रोवून आपली कंबर बाहेर काढायची आणि मोकळ्या झालेल्या फटीत गुडघा सारायचा. सरावात जोडीदार बेताचं वजन टाकतो तेव्हा हे छान जमतं. कोच शेजारून जाताना मान हलवतात. मग रोलिंगची, म्हणजे खरोखर झुंजायची, वेळ होते, घड्याळ पाच मिनिटांवर लावलं जातं आणि त्याच जागी मी पुन्हा अडकते. आज जवळजवळ प्रत्येकाशी हेच झालं. छातीवर वजन, गाल मॅटला दाबलेला आणि डोक्यात सगळ्या पायऱ्या लख्ख. शेवटची घंटा झाल्यावर पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाजूला गेले, कारण रडू येत होतं.

माझ्यानंतर क्लासला आलेल्या एका मुलाला मागच्या महिन्यात निळा पट्टा मिळाला. मी टाळ्या मनापासून वाजवल्या, आणि घरी येईपर्यंत मन जळत राहिलं. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहून ठेवते.

या खेळात मोठ्यांसाठी पट्टे मोजकेच आहेत: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. दोन पट्ट्यांच्या मध्ये पट्ट्याच्या टोकावर चिकटपट्टीच्या फार तर चार खुणा मिळतात. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम सर्वसाधारणपणे असा की निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक. पांढऱ्यावर किती काळ राहायचं याला मात्र नियमच नाही. काळ्यापर्यंत पोचायला बहुतेकांना दहाएक वर्षं लागतात. सुरुवातीला मला याच गोष्टीने ओढून घेतलं होतं. पैसे भरून किंवा घाई करून मिळणार नाही असं काहीतरी आयुष्यात असावं, असं वाटलं होतं. ते अजूनही वाटतं. फक्त चाळिशी ओलांडलेल्या शरीराने दहा वर्षांचा हिशोब मांडायला बसलं की पोटात गोळा येतो.

बुधवार

उजवा खांदा जड आहे. काल किमुरात, म्हणजे हात पाठीमागे पिळायच्या पकडीत, सापडले होते. लवकर टॅप केलं, तरी आज केस बांधायला हात वर जात नव्हता.

या डावाच्या नावामागची गोष्ट मला फार जवळची वाटते. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा ज्यूदोपटू मासाहिको किमुरा आणि एलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने एलिओचा हात पाठीमागे पिळून मोडला. एलिओने टॅप केलं नाही. शेवटी मोठ्या भावाने, कार्लोसने, लढत थांबवली. ती पकड ज्यूदोत आधीपासून होती, तिला तिकडे वेगळं जपानी नाव आहे. पण ब्राझीलमध्ये ती किमुराच्याच नावाने ओळखली जाऊ लागली, आणि आज जगभर जे कुणी ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतं ते हाच शब्द वापरतं. हात मोडेपर्यंत टॅप न करण्याचं कौतुक मी करणार नाही. मला सकाळी लॅपटॉप उघडायचा असतो, मुलीची वेणी घालायची असते. पण ज्याने हरवलं त्याचं नाव आपल्या शिकवण्यात कायमचं ठेवायचं, यात मोठं मन आहे. मला काल ज्या मुलीने पकडलं तिला मी आज निरोप पाठवला की पकड सुंदर होती आणि मनगट नेमकं कधी धरलंस ते शनिवारी दाखव.

गुरुवार

दंडावर गोल लाल चट्टा. नायटाच आहे, डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं. पुण्यातल्या या दमट पावसात गी (सरावाचा जाड पोशाख) दोन-दोन दिवस वाळत नाही, वर इतक्या जणांचं अंग अंगाला लागतं. मलम सुरू केलंय. बरा होईपर्यंत मॅटवर पाय ठेवायचा नाही, कारण माझ्यामुळे दुसऱ्याला झालं तर ते मला चालणार नाही. म्हणजे शनिवारही गेला. आधीच गाडी पुढे सरकत नाही, त्यात हे.

शनिवार

घरी बसल्या बसल्या शिकण्याबद्दलच वाचत होते, आणि एका जुन्या अभ्यासापाशी थांबले. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात विल्यम लो ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारायंत्र शिकणाऱ्यांची प्रगती आठवड्यामागून आठवडे नोंदवली होती. त्यांचे निबंध १८९७ आणि १८९९ साली प्रसिद्ध झाले. तार पाठवणं आणि तार घेणं ही दोन कामं त्यांनी वेगवेगळी मोजली. पाठवण्याचा वेग सुरुवातीपासून भराभर वाढला आणि मग संथ होत गेला. घेण्याचा वेग मात्र काही अंतर चढला आणि तिथेच अडला. आठवडे गेले तरी रेषा आडवीच. पुढे केव्हातरी ती पुन्हा चढू लागली.

त्यांचं स्पष्टीकरण मी परत परत वाचलं. नवखा माणूस कड-कट्ट आवाजातून एकेक अक्षर ओळखतो. मग अक्षरं न मोजता अख्खा शब्द ऐकू येऊ लागतो, आणि त्याहून पुढे वाक्यांचे तुकडे. रेषा आडवी असते त्या दिवसांत खालची पायरी इतकी अंगवळणी पडत असते की तिच्याकडे लक्ष देण्याची गरज उरू नये. ते झाल्याशिवाय वरच्या पायरीसाठी डोकं मोकळं होत नाही. नंतरच्या संशोधकांना असं पठार प्रत्येक कौशल्यात सापडलं नाही, म्हणून याला मी निसर्गनियम म्हणणार नाही. पण माझ्या मंगळवारच्या रडण्याला यात काहीतरी उत्तर आहे.

सरावात मी तार पाठवत असते. पायऱ्या माझ्या, वेळ माझी, जोडीदार शांत. रोलिंगमध्ये तार येत असते, आणि ती घ्यायची असते छातीने, कमरेने, मनगटाने. समोरच्याचा गुडघा माझ्या बरगडीपासून उठला का, त्याची हनुवटी कुठे आहे, डावा हात माझ्या डोक्याखाली जातोय की कॉलरकडे, हे सगळं एकदम येतं, आणि मी अजून एकेक अक्षर लावत बसलेली असते. मी ‘हात मानेखाली’ एवढं वाचेपर्यंत तो माउंटवर, म्हणजे माझ्यावर स्वार होऊन, पोचलेला असतो आणि त्याला चार गुण मिळालेले असतात.

मग प्रश्न असा की घेणं सुधारलंय का? इतके दिवस मी हे कधी तपासलंच नव्हतं, कारण वहीत फक्त कुणी कशात पकडलं एवढंच लिहीत होते. आज पहिल्यापासून आठवून पाहिलं. पहिल्या काही महिन्यांत कुणी वर आलं की मला फक्त ‘वजन’ कळायचं. सगळीकडून सारखंच वजन. आता वजनाला दिशा आहे. समोरचा साइड कंट्रोलमधून माउंटवर जायला निघतो तेव्हा क्षणभर त्याची कंबर माझ्यावरून हलकी होते, हे मला कळतं. उशिरा कळतं, जागा गेल्यावर कळतं, पण कळतं. गेल्या वर्षी तो क्षण माझ्यासाठी अस्तित्वातच नव्हता. सुटण्याची खरी वेळ तीच असते. वजन पूर्ण बसल्यावर हात आडवा घालून काही उपयोग नसतो, ते बसायच्या आत घालायला हवा. मी बावन्न किलोंची, समोरचा बहुतेक वेळा ऐंशीच्या पुढचा. वजन बसल्यावर ते उचलण्याची ताकद मला कधीच येणार नाही. वाचण्याचा वेग येऊ शकतो.

आणखी एक. ज्यांच्याशी मी रोल करते ते सगळे माझ्याबरोबरच शिकतायत, आणि माझ्या सवयी त्यांना पाठ झाल्या आहेत. त्यामुळे निकाल तोच राहतो. मागे एक नवीन मुलगी आली होती, पोलीस भरतीची तयारी करणारी, माझ्यापेक्षा कितीतरी दणकट. तिच्याबरोबर मला प्रत्येक हालचाल आधीच दिसत होती आणि मी घाईही करत नव्हते. तिने विचारलं, “ताई, तुम्हाला कसं कळतं मी कुठे जाणार ते?” तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. आज तिचा प्रश्न वहीत लिहिला.

रविवार

मामांचा फोन होता कोल्हापूरहून. तरुणपणी ते तालमीत होते, खासबागेत कुस्त्याही खेळले आहेत. मी काय शिकते हे त्यांना अर्धंमुर्धं माहीत आहे, आणि पटत तर अजिबात नाही.

“अगं, पाठ लागली की कुस्ती संपली. तू तिथनं सुरू करतीस व्हय?”

मी म्हटलं, मामा, यात पाठ लागली तरी संपत नाही. खालून पायांनी धरून ठेवायचं, त्याला गार्ड म्हणतात, तिथून समोरच्याला उलटवता येतं, गळा किंवा हात पकडता येतो. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं नाहीच. पण या बोलण्यात मला माझंच एक कोडं सुटलं. खाली पडले की मी झटकन पालथी होते. कितीदा सांगितलं तरी होते. गावच्या जत्रेत बघितलेल्या कुस्त्या, अंगणात मामांनी चुलत-मावस भावंडांबरोबर लावून दिलेल्या लुटुपुटुच्या झुंजी, त्यांतून हे अंगात भिनलंय की वाट्टेल ते करा, पण पाठ मातीला लागू देऊ नका. मातीवर ते शंभर टक्के बरोबर आहे. जिउ-जित्सूत पालथं होणं म्हणजे पाठ देणं. मागून पाय अडकतात, हात गळ्याखाली येतो आणि श्वास कोंडतो. माझं शरीर संदेश वेळेवर घेत होतं, मंद नव्हतं. उत्तर जुन्या भाषेत देत होतं, एवढंच. जे लहानपणापासून बसलंय ते दोन-चार महिन्यांत उठावं, ही अपेक्षाच कठोर होती.

मग मामाच म्हणाले की तालमीत नव्या पोराला वस्ताद डाव शिकवायच्या आधी महिनोन्‌महिने जोर, बैठका आणि माती खणायला लावायचे, आणि थोरल्या पैलवानांच्या अंगाखाली नुसतं पडून राहायला लावायचे. “समोरच्याच्या अंगाला हात लागला की तो कुठं निघालाय ते कळाय पायजे. डाव मागनं येतोय.” खाशाबा जाधवांचंही ते बोलले. गोळेश्वरचा माणूस, कराडजवळचा, १९४८ साली लंडनला सहावा आला. मातीवर वाढलेला, मॅटची सवय नव्हती. १९५२ साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं. मामांना ही गोष्ट सांगताना दरवेळी भरून येतं, आणि मला त्यांचा आवाज ऐकून.

फोन ठेवताना म्हणाले, “पण पाठ लावू नगंस.” मी हो म्हटलं नाही. बघू या मामा, म्हटलं.

बुधवार

चट्टा गेला. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला. गी गरम पाण्यात धुऊन पंख्याखाली वाळवला, नखं कापली, बोटांच्या सांध्यांना टेप लावली. ग्रिप धरून धरून करंगळीशेजारचं बोट सुजलंय, त्यामुळे टायपिंगला त्रास होतो. हे आता राहणार.

वर्ग सुरू व्हायच्या आधी कोचशी बोलले. म्हटलं, मला काही दिवस प्रत्येक फेरीची सुरुवात खालूनच करायची आहे, साइड कंट्रोलखाली, आणि सुटले किंवा पकडले गेले की परत तिथूनच. त्यांनी लगेच मान्य केलं आणि एक भर घातली: जोडीदाराने माउंटवर जायचंच, पण पहिल्या फेरीत अर्ध्या वेगाने, दुसऱ्या फेरीत जरा जास्त, मग पूर्ण. मी फक्त तो हलका क्षण पकडायचा. सुटायचंसुद्धा नाही. कळला की तोंडाने ‘आता’ म्हणायचं.

पहिल्या फेरीत बहुतेक वेळा ‘आता’ वेळेवर निघालं. दुसऱ्या फेरीत उशीर होऊ लागला. पूर्ण वेगात तो माउंटवर बसल्यावर माझा शब्द बाहेर पडत होता, आणि शेजारच्या जोडीलासुद्धा ते ऐकू जात होतं. शेवटी शेवटी एकदा, शब्द न काढता, गुडघा आपोआप आत गेला आणि हाफ गार्ड मिळाला, म्हणजे त्याचा एक पाय माझ्या पायांत अडकला. तिथे मी परत अडकले आणि त्याने मला आरामात दाबलं. पण गुडघा गेला होता.

आज वहीत दोन रकाने केले. एकात किती लवकर कळलं, दुसऱ्यात कळल्यावर शरीराने काय उत्तर दिलं. पालथी झाले का, तेही त्यातच. टॅपचा रकाना काढून टाकला. शनिवारच्या ओपन मॅटला, म्हणजे मोकळ्या सरावाला, त्या निळ्या पट्ट्याच्या मुलाला विचारून ठेवलंय. तो म्हणाला, साइड कंट्रोलमध्ये मी फार जोर लावतो, चालेल ना. चालेल म्हटलं.