जुन्या डेबियनवरची पॅकेजेस नव्या मशीनवर

माझ्याकडे आलेल्या सर्व्हरवर जुन्या मशीनची 'यूएसआर' डिरेक्टरी (जिथे प्रोग्राम असतात) जशीच्या तशी ओतलेली होती. वेब सर्व्हर चालत होता, पण डीपीकेजीला (पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, बसवणारी आज्ञा) विचारलं तर उत्तर यायचं: असं पॅकेज इन्स्टॉलच नाही. डेबियन (एक लिनक्स सिस्टीम) बसवलेल्या पॅकेजेसची नोंद 'व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस' या फायलीत ठेवतं. तिथे नाव नसेल, तर सुरक्षेचे अपडेट त्या प्रोग्रामला कधीच मिळत नाहीत. चालतंय म्हणून हे तसंच सोडणं धोक्याचं होतं. हे मशीन कोरं केलं आणि जुन्या मशीनवर होती तीच डेबियनची आवृत्ती टाकली. आता तिथली पॅकेजेस रीतसर आणायची होती.

यासाठी बरेच जण 'डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्स'ची यादी नेतात. मी ती टाळतो. इतर पॅकेजेसच्या गरजेपोटी आपोआप आलेल्या लायब्ररीही तीत असतात. नव्या मशीनवर त्या मुद्दाम बसवलेल्या ठरतात, आणि पुढे ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजेस काढणारी आज्ञा) त्यांना हात लावत नाही. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' आपोआप आलेली वगळून मुद्दाम बसवलेली म्हणून नोंदलेलीच नावं देतं. त्यातून आवृत्ती-क्रमांकाचे कर्नल (सिस्टीमचा गाभा), ग्रब (मशीन सुरू करणारा प्रोग्राम), ग्राफिक्स ड्रायव्हर आणि मायक्रोकोड (प्रोसेसरच्या दुरुस्त्या) हातानं काढले. ते त्या-त्या मशीनशी बांधलेले असतात.

आधी 'सोर्सेस.लिस्ट.डी'मधल्या फायली (पॅकेजेस कुठून घ्यायची त्याचे पत्ते) आणि त्यांच्या सही तपासायच्या किल्ल्या आणल्या, अपडेट केलं, मग यादी 'एक्सआर्ग्ज'मधून (यादीतली नावं दुसऱ्या आज्ञेला पुरवणारी आज्ञा) 'ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल'ला दिली. '-एस' म्हणजे नुसती रंगीत तालीम. एकच नाव सापडलं नाही आणि ॲप्टनं अख्खी यादी नाकारली. जुन्या मशीनवर 'ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड'मध्ये त्याच नावापुढे 'लोकल' दिसलं. कोणीतरी सुटी डेब फाईल (डेबियनच्या पॅकेजची फाईल) बसवली होती आणि मूळ फाईल गायब. 'डीपीकेजी-रीपॅक'नं बसलेल्या फायलींतूनच ती पुन्हा बांधली. कॉन्फिगमधले बदलही त्या डेबमध्ये येतात, हे ध्यानात ठेवायला हवं.

मग डेटाबेस. जुनी डिस्क जोडून, सर्व्हिस बंद ठेवून, पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा 'सीपी -ए'नं (मालकासकट नक्कल करणारी आज्ञा) आणला, तरी सर्व्हिस उठेना. 'एलएस -एल' केलं तर डिरेक्टरीचा मालक म्हणून 'रेडिस' (दुसऱ्याच एका डेटाबेसचा युजर) दिसत होता! सिस्टीम युजरना (सर्व्हिससाठी बनणाऱ्या खात्यांना) १०० ते ९९९ मधले क्रमांक पॅकेजेस बसतील त्या क्रमानं मिळतात. डिस्कवर नाव नसतं, क्रमांक असतो. जुन्या मशीनवर पोस्टग्रेसचा असलेला क्रमांक इथे रेडिसला गेला होता. 'चोन -आर पोस्टग्रेस:पोस्टग्रेस' करून मालक बदलल्याबरोबर डेटाबेस उठला. म्हणूनच 'ईटीसी/पासडब्ल्यूडी' (युजर आणि त्यांच्या क्रमांकांची फाईल) आंधळेपणानं आणू नये, 'एफएसटॅब'ही (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची फाईल) नाही, त्यात जुन्या डिस्कचे यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, असतात.

पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन), स्नॅप आणि फ्लॅटपॅक अशा वेगळ्या साधनांनी बसवलेलं यातल्या कोणत्याच यादीत येत नाही. त्यांच्या याद्या वेगळ्या काढल्या. पिपसाठी प्रत्येक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एकेका प्रकल्पाच्या वेगळ्या पायथन-कप्प्यात) जाऊन 'पिप फ्रीझ'.