तबकडीचा वेग आणि गायकाचा षड्ज
आज मित्रांनी पाठवलेली जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं ऐकत बसलो. एकच बंदिश दोघांकडून आली, गायक तोच, तबकडीही तीच, आणि षड्ज, म्हणजे त्याचा 'सा', मात्र वेगळा! फरक वेगाचा. सुरुवातीच्या काळात मिनिटाला ७८ फेरे हा वेग काटेकोर पाळला जात नसे. ७४ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली की सूर जवळजवळ अर्धस्वर चढतो, ताना उगाच धावतात, आवाज कोवळा आणि बारीक होतो. मग 'काय तयारी!' ही दाद यंत्राला जाते. गायकाची नेहमीची पट्टी माहीत असेल तर आधी ती पडताळावी, मग वेग दुरुस्त करावा.

खरखर काढताना तर फारच जपायला हवं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता गुंजारव, आणि तबकडीची खरखर बऱ्याच अंशी ध्वनीच्या एकाच वरच्या कंपनसंख्येच्या पट्ट्यात असतात. फिल्टर जोरात लावला की दोन्ही जातात आणि गळा पोकळीतून आल्यासारखा वाटतो. मला थोडी खरखर चालते, जवारी हवीच.

आणि कृपया पाठवताना फ्लॅक किंवा वेव्ह फाइल पाठवा, त्यांत आवाजातलं काही गळत नाही. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री केली की दर वेळी काहीतरी गळतंच.