नागपूर ते शिर्डी समृद्धीने: रस्ता, कॅमेरे, चलान आणि वाटेतल्या ड्रायव्हर लोकांच्या गप्पा

शिर्डीला जाऊन आलो. आमच्या बाबांची, म्हणजे वडिलांची, लय दिवसांची इच्छा होती म्हणून साळ्याला सोबत घेतलं, दोघांनी आलटून पालटून गाडी चालवायची असं ठरलं. जायच्या आधी चार लोकांना विचारलं तर दर्शनाची लाईन, पास, राहायची सोय याबद्दल कोणी बोलेचना. सगळ्यांचा एकच सवाल, समृद्धीवर कॅमेरे कुठे कुठे आहेत ते पाहून ठेवलं का? म्हणून म्हटलं लिहूनच टाकतो, रस्त्याबद्दल पण आणि या कॅमेऱ्याच्या भानगडीबद्दल पण, कारण वाटेत जेवढे ड्रायव्हर भेटले त्या प्रत्येकाकडे यावर सांगायला काही ना काही होतंच.

आधी कामाचं. वर्धा रोडने जामठ्यापर्यंत जायचं, तिथून आउटर रिंगरोडने शिवमडक्याला, तिथे समृद्धीचा झिरो पॉइंट, म्हणजे सुरुवात. पुढे दहाएक किलोमीटरवर वायफळचा टोलनाका. इथे पैसे कटत नाहीत, नुसती एंट्री होते, टोल उतराल तिथे कटतो, अंतराच्या हिशोबाने. एप्रिल 2025 पासून कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे आहे, म्हणजे शिर्डीपर्यंतच्या 520 किलोमीटरला हजाराच्या वरच धरा, तेवढा बॅलन्स फास्टॅगमध्ये आदल्या रात्रीच टाकून ठेवा. टू-व्हीलर आणि ऑटोला या रस्त्यावर परवानगी नाही. तरी वायफळला दोन पोट्टे बाईक घेऊन गार्डशी हुज्जत घालत होतेच.

स्पीड लिमिट कारला 120, घाटाच्या भागात 100, ट्रकला 80. आता हा 120 चा आकडा लोकांनी टार्गेट समजून घेतलाय, त्याच्या खाली चाललात तर मागचा डिपर मारून मारून डोकं उठवतो. आम्ही 100-105 ला डावीकडून दुसऱ्या लेनमध्ये निवांत चाललो होतो. घाई करणाऱ्यांसाठी जरा हिशोब सांगतो. सलग 120 ने गेलात तर 520 किलोमीटरला 4 तास 20 मिनिटं लागतात, 140 ने गेलात तर पावणेचारच्या जरा आत, म्हणजे एवढा जीव मुठीत धरून वाचले किती तर 37 मिनिटं, आणि ती 37 मिनिटं पंपावर वॉशरूमच्या लाईनीत आणि एका चहात कुठे जातात कळत पण नाही. दुसरं म्हणजे 120 ला गाडी सेकंदाला 33 मीटर पळते. तुम्ही मोबाईलवर गाणं बदलायला तीन सेकंद खाली पाहिलं की 100 मीटर रस्ता तुम्ही न बघताच पार केला, आणि समोर 80 ने चाललेला ट्रक असेल तर विषयच संपला.

धामणगावच्या पुढे आमच्या मागून एक काळी एसयूव्ही आली, 150 च्या आसपास असेल, आम्ही उभे आहोत असं वाटावं अशी निघून गेली. थोडं पुढे ओव्हरब्रिजच्या सावलीत पोलिसांची पांढरी इंटरसेप्टर, म्हणजे वेग टिपणारा कॅमेरा बसवलेली गाडी उभी होती. एसयूव्हीवाल्याला ती दिसली की पुढे कॅमेरा आहे म्हणून मोबाईलने टुंगटुंग केलं माहीत नाही, पण उजव्या लेनमध्ये त्याने असा कचकून ब्रेक मारला की क्षणात तो 90 वर आला. त्याच्या मागे एक ट्रॅव्हल्स, ती त्याला चुकवायला आमच्या लेनमध्ये घुसली, आणि साळ्याला पण ब्रेक दाबावा लागला. बाबा मागून ओरडले. इंटरसेप्टर मागे पडली आणि दोन किलोमीटरच्या आत एसयूव्ही पुन्हा दिसेनाशी झाली. म्हणजे त्या कॅमेऱ्याने त्याचा स्पीड कमी केला किती, तर अर्धा किलोमीटर. आणि तेवढ्यात तीन गाड्यांना घाम फोडला तो वेगळाच.

बाबांवरून आठवलं, मागच्या सीटवर पण बेल्ट लागतो, कायद्याने कंपल्सरीच आहे. बाबा काही केल्या ऐकत नव्हते, "मी का पायलट आहो का?" म्हणे. त्या ब्रेकनंतर न सांगता लावला.

कारंजाच्या पुढे पंपावर थांबलो. समृद्धीवर तुमच्या आमच्या ओळखीचे ढाबे नाहीत हे ध्यानात ठेवा, जे काही आहे ते पंपांच्या आवारात, चहा बरा, पोहे सकाळच्या पारी घेतले तर खाण्यालायक. इथे तीन ड्रायव्हर भेटले आणि कॅमेऱ्याचा विषय मी काढायच्या आधीच त्यांचा सुरू होता.

यवतमाळकडचे एक ट्रकवाले काका होते, सोयाबीन भरून चालले होते. ते म्हणाले, "भाऊ, आमाले कॅमेऱ्याचं कायचं भेव? गाडीले गव्हर्नर बसवेल हाय, 80 च्या वर ते उठतच नाही. आमाले भेव हाय झोपेचं. सरळ रस्ता, ना वळण ना गाव ना गड्डा, दोन घंटे झाले का डोये उघडे राह्यतात अन् माणूस झोपून जाते." आता याला कोणता कॅमेरा पकडणार सांगा. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्री नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, 25 लोक गेले, आपल्याकडच्या कितीतरी घरांमध्ये तो विषय अजून निघतो. त्यानंतर या रस्त्यावर तपासणी वाढली, आरटीओवाले टायर बघायला लागले, वेळेच्या आधी पोचणाऱ्यांना बाजूला घेऊन समजावायला लागले, ठिकठिकाणी रस्त्यावर रंबलर, म्हणजे गाडी खडखडवणाऱ्या पट्ट्या आल्या. माझं मत विचाराल तर चलानापेक्षा त्या खडखडाटाचा उपयोग जास्त आहे, झोप लागत आलेल्या माणसाला मोबाईलवरचा मेसेज जागं करत नाही.

दुसरा नागपूरचाच टॅक्सीवाला, त्याचा पारा चढलेलाच होता. त्याच्या कारच्या नंबरवर विना-हेल्मेटचं चलान आलं होतं. "गाडीत बसून हेल्मेट घालू काय मी? फोटो उघडून पाह्यला तं कोणाची तरी स्कूटी, एक आकडा इकडचा तिकडे झाला, अन् आता मी चकरा मारून रायलो." त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साईटवर किंवा अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून चलानचा फोटो उघडा, चुकीचं असेल तर तिथेच तक्रार टाकता येते, आरसीचा फोटो जोडा आणि तक्रारीचा स्क्रीनशॉट ठेवा. तो म्हणे टाकली, उत्तराची वाट पाहून रायलो. त्याचा राग मला पटतो. 2025 च्या जुलैत वाहतूकदारांनी ई-चलानच्या जाचाविरुद्ध राज्यात संप केला तेव्हा शहरातले लोक हसले होते, पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला एक चुकीचं चलान म्हणजे दिवसाची कमाई आणि वरून डोक्याला ताप.

तिसरे ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर, वय पन्नाशीचं, बोलायला शांत. त्यांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त आवडलं. "साहेब, कॅमेरा पाहिजेच, नाहीतर हे कारवाले कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पण तो एका जागी नको. इकडून किती वाजता घुसला, तिकडून किती वाजता निघाला, एवढं पाहा ना. मालक आम्हाला म्हणतो सातला पोचव. रस्त्यानेच सातला पोचू दिलं नाही तर मालक काय करेल?" मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2024 पासून जी यंत्रणा बसवली त्यात असा सरासरी वेग पण मोजतात, आणि तिकडे चालवणारे माझे मित्र सांगतात की लोक खरंच एका स्पीडला बांधल्यासारखे चालतात, शिव्या देत चालतात पण चालतात. समृद्धीवर तर एंट्री-एक्झिट दोन्हीकडे फास्टॅग वाजतोच, हिशोबाची अर्धी पाटी आधीच लिहिलेली आहे. माझं मत त्या ट्रॅव्हल्सवाल्या भाऊंच्या बाजूने. लपून उभी असलेली गाडी लोकांना ब्रेक मारायला शिकवते, सावकाश चालवायला नाही.

दंडाचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने वेगाचा दंड हलक्या गाडीला 1000 ते 2000 आणि मध्यम-जड गाडीला 2000 ते 4000 झाला, आपल्या राज्यात नवे दर 2021 च्या डिसेंबरपासून लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने नियम काढला की कॅमेरा लावलेल्या पट्ट्याच्या आधी लोकांना दिसेल असा बोर्ड पाहिजे आणि गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत गेली पाहिजे. आता बोर्ड पाहिजे म्हटल्यावर काही लोक म्हणतात मग पकडणार काय कपाळ? पण मला यात काही वावगं वाटत नाही, बोर्ड वाचून माणूस हळू झाला तर कामच झालं ना, का दंड जमवायचाय? मेसेज मात्र पटकन आला पाहिजे. तीन महिन्यांनी चलान आलं तर माणसाला तो त्या दिवशी कुठे होता हे पण आठवत नाही, मग तो लोकअदालतीची वाट पाहत बसतो, तिथे तडजोड होईल म्हणून, आणि तोवर आणखी चार चढतात.

मेसेजवरून एक महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमचं चलान पेंडिंग आहे, हे अ‍ॅप डाउनलोड करा" असं आलं आणि खाली एपीके फाईल असेल तर हात पण लावू नका, बँक खातं साफ होतं. खरं चलान एपीके फाईलने येत नाही, साईटवर जाऊन स्वतः नंबर टाकून बघा.

मेहकरच्या एक्झिटवरून लोणार करता येतं, वेळ असेल तर जाताना नाही, येताना करा, देवदर्शन झालेलं असतं आणि कोणी घाई करत नाही. आम्ही केलं नाही, बाबांच्या गुडघ्यांमुळे.

निघायच्या आधी टायरचं बघाच. हवा सकाळी टायर थंड असताना भरायची, कंपनीने दाराच्या कडेला स्टिकरवर लिहिलंय तेवढीच, पंपावरचा पोरगा स्वतःच्या मनाने 40 भरून देतो त्याला थांबवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 2319 लिहिलं असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातलं टायर. असं जुनं टायर घेऊन मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर 120 ने जाऊ नका, गावात चालेल ते इथे चालत नाही. बंद पडलात तर गाडी एकदम डाव्या कडेला घ्या आणि सगळ्यांनी उतरून बॅरियरच्या पलीकडे उभं राहा, गाडीत बसून मदतीची वाट पाहायची नाही, उभ्या गाडीला मागून ठोकल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. पाणी सोबत ठेवा. दर दोन तासांनी थांबा, झोप आली नसली तरी थांबा.

येताना साळ्याशी हाच वाद सुरू होता, त्याचं म्हणणं सरकार फक्त पैसे काढतं. मी त्याला आपल्या नागपूरच्याच आय-रास्तेची गोष्ट सांगितली. 2021 मध्ये इथे सुरू झालेला प्रकल्प, शहर बसमध्ये, म्हणजे 'आपली बस'मध्ये, असं यंत्र बसवलं की समोरची गाडी किंवा माणूस फार जवळ आला की ड्रायव्हरला आधीच बीप वाजतो, आणि असे बीप कुठे जास्त वाजतात त्यावरून अपघात व्हायच्या आधीच धोक्याची जागा कळते. हा पण कॅमेराच आहे, पण हा आधी सांगतो, तो दुसरा नंतर बिल पाठवतो. दोन्ही लागतात असं मला वाटतं. साळा म्हणे पहिला द्या, दुसऱ्याचं नंतर पाहू. तसं चाळीस टक्के लोक त्याच्यासारखेच बोलतील, आकडा माझा अंदाजपंचे आहे, कोणी मनावर घेऊ नका.

शहरात शिरल्यावर एकदम जाणवतं की हायवेवरचं बरं होतं. तिकडे 120 चा धाक असतो, इथे छत्रपती चौकात सिग्नल पिवळा झाला की ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर, आणि झेब्रा क्रॉसिंगवर उभं राहणं हा तर आपला हक्कच. चौकातल्या कॅमेऱ्याचं चलान घरपोच येतं हे माहीत असूनही.

शेवटचं एक, जामठ्याच्या स्टेडियमला मॅच असेल त्या दिवशी परतीचं गणित आधी बघून घ्या. संध्याकाळी वर्धा रोड पार जाम असतो, शिर्डीहून पाच तासांत आलेला माणूस जामठा ते छत्रपती चौक करायला तास-दीड तास घालवतो. त्या दिवशी रिंगरोडने हिंगण्याच्या बाजूने शहरात घुसा, थोडं लांब पडेल पण गाडी हलत राहील.