तुळजापूरच्या ज्योती, फ्लॅश न वापरता

घटस्थापनेच्या आदल्या रात्री धाराशिवहून तुळजापूरला निघालं की ज्योती वाटेतच भेटायला लागतात. गावोगावची पोरं देवीच्या दारात ज्योत पेटवून पळत गावाकडे निघालेली असतात. इथे फ्लॅश अजिबात मारू नये. पळणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि चेहऱ्यावर पडलेला ज्योतीचा उजेडही पुसला जातो. फोटो काढायचा तो त्या उजेडासाठीच.

माझ्या मते इथे ५० मिमी एफ १.८ लेन्सच हवी (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स पूर्ण झूम केल्यावर एफ ५.६ वर अडते, १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. हाताचा कंप टाळायला क्रॉप (लहान) सेन्सरवर शटर १/८० सेकंद पुरतं, पण पळणाऱ्यासाठी १/२५० च्या खाली उतरू नका. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पळणारा माणूस नाही. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), कमाल ६४००, फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली). थोडा दाणा (रवाळपणा) आला तरी चालतो. हललेला चेहरा मात्र काही केल्या सुधारत नाही.

चौकटीत काळोखच जास्त असल्याने कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि ज्योतीचा पांढरा गोळा होतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडावर, ठेवतो. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढूनच टाकायचा, नाहीतर काचेवरून परतलेली दुसरी, उलटी ज्योत फोटोत उमटते.

राजे शहाजी महाद्वारापाशी हिशेब बदलतो. इथे एलईडीची रोषणाई. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि १/२५० वर फोटोत आडवे पट्टे येतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून १/१०० वर यायचं. या वेगात पळणारे सोडून द्यावेत, उभ्या आराधिणींकडे (देवीच्या उपासक बायांकडे) वळावं. विचारून, समोर जाऊन.

हातात पेटता पोत (देवीची मशाल), गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट. पोताच्या उजेडात सगळ्यात आधी जळतो तो मळवटाचा लाल रंग: कुंकवाचा रवाळपणा जाऊन सपाट लाल डाग उरतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हे दाखवत नाही, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणाऱ्या आरजीबी हिस्टोग्राममधला लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला का ते बघा. टेकला तर आणखी २/३ स्टॉप खाली. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर न ठेवता ४००० केल्विनच्या आसपास पक्का करा, म्हणजे ज्योतीची ऊब टिकते.

फोकस ज्योतीवर नको, ती डोलत असते. एकच बिंदू निवडून कवडीच्या कडेवर किंवा डोळ्यावर धरा. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा दिवाही बंद ठेवा. कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास सोडत तीन फोटो सलग घ्या. पहिल्यात बटण दाबल्याचा झटका असतो.

एफ १.८ वर तीन मीटरवरून जेमतेम २५ सेंमी खोली फोकसमध्ये राहते. पोत धरलेला हात पुढे आला की हात आणि चेहरा दोन्ही धारदार मिळत नाहीत. अशा वेळी एफ २.८ करा, आयएसओ वाढू द्या.