कोव्हिल्यांची लोकर गिरणी: आधी रंगशाळा, मग यंत्रं

कागदपत्रांसाठी किंवा नातेवाइकांकडे लिस्बनला जाणारे गोवेकर पुष्कळ. तिथून कोव्हिल्यां गाठणारे थोडे. सेर्रा दा एश्त्रेला या डोंगररांगेच्या उतारावरचं हे गाव लोकरीच्या कापडावर उभं राहिलं. मुक्काम एक रात्रीचा ठेवा. एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण निम्मा दिवस गाडीतच जातो.

सांता आपोलोनिया किंवा ओरिएंत स्थानकावरून इंटरसिटी गाडीला साधारण पावणेचार तास लागतात. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. जाताना उजवीकडची खिडकी घ्या. बेल्व्हेरपासून पुढे बराच वेळ तेजू नदी त्याच बाजूला असते. स्थानक गावाच्या पायथ्याशी आणि चढ खडा, त्यामुळे सामान असेल तर सरळ टॅक्सी करा. जुन्या लोकर गिरणीचं संग्रहालय सोमवारी बंद आणि दुपारी जेवणाची सुट्टी असते, म्हणून सकाळी उघडताच पोचावं.

मेंढ्या डोंगरावर होत्याच, पण गिरण्या इथे आल्या त्या पाण्यामुळे. गावाच्या दोन बाजूंनी गोल्द्रा आणि कार्पिंतेय्रा हे ओढे वेगाने उतरतात, त्यावर पाणचक्क्या चालत. शिवाय ग्रॅनाइटवरून आलेलं पाणी मृदू असतं. जड पाण्यात साबणाचा चुनखडीशी साका होतो, तो लोकरीला चिकटतो आणि मग रंग डागाडागांनी चढतो. इथे ती कटकट नव्हती.

१७०३ च्या मेथ्यूएन तहाने पोर्तुगालची दारं इंग्लिश लोकरी कापडाला उघडली, बदल्यात पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये कमी जकात. इथल्या मागांना ते भोवलं. पुढे पोर्तुगालचा तेव्हाचा मुख्य मंत्री मार्क्वेस द पोंबाल याने १७६४ मध्ये इथे शाही कापड कारखाना काढला. इकडे गोव्यात फोंडा पोर्तुगीजांच्या हाती गेला तो आदल्याच वर्षी, १७६३ मध्ये. कारखान्याचं मोठं गिऱ्हाईक सैन्य, गणवेशाच्या कापडासाठी. आज ती इमारत विद्यापीठाची आहे. १९७५ मध्ये बांधकाम करताना जुनी रंगशाळा, म्हणजे लोकर रंगवायची जागा, हाती लागली आणि १९९२ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे.

बहुतेक जण यंत्रं बघायला पळतात. आमच्या मते पहिला तास रंगशाळेलाच द्यावा. भट्ट्यांची तोंडं एका वेगळ्या बोळात आहेत आणि कढया बसायच्या जागा पलीकडच्या दालनात. राख-काजळी कापडापासून लांब ठेवायची सोय उघड दिसते. नीळीच्या पिंपांचे गोल खड्डे निराळे आहेत, कारण नीळ उकळत नाहीत. द्रावण कोमट ठेवतात, कापड हिरवट-पिवळं बाहेर येतं आणि हवेत निळं होतं. त्यात अल्कली जास्त झाली तर लोकरच खराब होते. बाकीच्या रंगांना आधी तुरटीत मुरवण लागते. किरमिजी किड्याचा भडक लाल रंग कथिलाच्या क्षारावर खुलतो आणि लोखंडाचा अंश लागला की मळकट होतो. एक बारकाईची गोष्ट: गरम कढईतली लोकर एकदम गार पाण्यात टाकून ढवळली तर ती आटून घट्ट होते, आणि पुन्हा मोकळी होत नाही.

पिंजणीची, कताईची यंत्रं आणि माग जवळच्याच व्हेय्गा कारखान्याच्या इमारतीत आहेत, तासभर पुरे. कापड ताणून उन्हात वाळवण्याच्या जागा, रामोलाश, उघड्यावर आहेत. तिथे पाच मिनिटं थांबलात की ताण का द्यायचा ते कळतं: मळणीत, म्हणजे ओलं कापड मळून घट्ट करताना, ते आटतं, न ताणता वाळलं तर पन्हा वाकडातिकडा येतो.

गाडी भाड्याने घेतली असेल तर झेझेरे नदीच्या हिमनदीने कोरलेल्या खोऱ्यातून मांतेय्गश गावाला उतरा. हिवाळ्यात बर्फामुळे घाटरस्ते बंद होतात, म्हणून सकाळी चौकशी करूनच निघा. इथलं बुरेल कापड म्हणजे आपल्या घोंगडीचं मळून घट्ट केलेलं भावंड. घेताना कडेचा धागा ओढून बघा. नीट मळलेलं असेल तर सहज उसवत नाही.

गोव्यात आणल्यावर वैरी दोन, दमट हवा आणि कसर. कसर घामाचे, जेवणाचे डाग असलेल्या भागावर आधी पडते, म्हणून धुतल्याशिवाय ठेवू नये. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, आडवं पसरून सावलीत वाळवायचं. हे काम मेपूर्वी उरकावं. पावसाळ्यात जाड लोकर वाळता वाळत नाही आणि कुबट वास धरते. कसर लागलीच तर कापड पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बाष्प कापडावरच बसेल.